भिंतीचं विरजण

ऑस्मोने आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला गाल टेकवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. आम्ही चौघं त्याच्या मागे उभे होतो. डॉक्टर नाडी बघत असताना घरची माणसं उभी राहतात, तसे.

"गार आहे," शेवटी तो म्हणाला. माझ्या कानातल्या दुभाषी यंत्राने ते आकाशवाणीवरच्या बातम्यांसारख्या कोरड्या मराठीत सांगितलं.

"म्हणजे मेली?" माझ्या सुनेने, शलाकाने, विचारलं.

"मेली." थोडं थांबून तो म्हणाला, "हीसुद्धा."

ऑस्मो हा तेर्वालांपी गावाचा भिंतींचा वैद्य. आपल्याकडे नळाला पाणी सोडणारा माणूस असतो तसं ते गावचं पद आहे. पन्नाशीचा, उंच, आणि वाईट बातमी सांगताना कान लाल होणारा.

"दोनदा लावली, दोनदा मेली," तो म्हणाला. "अजून एकदा लावून बघू. त्यानंतर बर्फ. बर्फात भिंत धरत नाही."

"आणि नाही धरली तर?" मकरंदने विचारलं. मकरंद माझा मुलगा. उत्तर त्याला माहीत होतं.

"तर हिवाळ्यात या घरात राहता येणार नाही," ऑस्मो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

या घरात राहता येणार नाही म्हणजे या देशातच राहता येणार नाही. आमचा परवानाच तसा होता. उत्तर फिनलंडमधली अशी कितीतरी गावं ओस पडायला आली होती. शाळेत मुलं नव्हती, कारखान्यात माणसं नव्हती. म्हणून सरकारने बाहेरच्या देशांतली तरुण कुटुंबं बोलावली. घर देऊ, काम देऊ, अट एकच: पहिला हिवाळा गावात, स्वतःच्या घरात काढायचा. मकरंदला लाकडी फळ्यांच्या कारखान्यात अभियंत्याची नोकरी मिळाली. शलाका परभणीत फिजिओथेरपिस्ट होती, इथली भाषेची परीक्षा होईपर्यंत ती घरीच. ओवी सहा वर्षांची. आणि मी, एका कॉलेजातला निवृत्त ग्रंथपाल, ज्याला सोबत आणायची तशी कुणाला गरज नव्हती.

परभणी सोडली ती ओवीसाठी. त्या उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकला होता. शाळा पहाटे भरायची तरी पोर फाटकाजवळ चक्कर येऊन पडली. दवाखान्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ती निजली होती तेव्हा मकरंद मला म्हणाला, "अप्पा, पुढचा उन्हाळा इथे नको." मी मान हलवली. मला विचारलं म्हणून नव्हे, काहीतरी करायला हवं म्हणून.

परत जायचं म्हणजे त्या उन्हाळ्यात परत जायचं.

आता त्या भिंतीविषयी सांगायला हवं. माझं विज्ञान रविवारच्या पुरवणीपुरतं. ऑस्मोने समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगतो, काही चुकलं तर ती चूक माझी.

तेर्वालांपीतल्या घरांच्या भिंती जित्या असतात. बाहेरून लाकडी फळ्या, आतून तागासारखं जाड कापड, आणि मध्ये हातभर जाडीचा भुसा. त्या भुशात बुरशी वाढवलेली असते. बुरशी म्हटलं की आपल्याला पावावरचा हिरवा डाग किंवा पावसाळ्यातलं भूछत्र आठवतं. पण भूछत्र हे नुसतं फळ. खरी बुरशी म्हणजे लाकडात, मातीत पसरलेलं पांढऱ्या धाग्यांचं जाळं. हे जाळं भुसा खातं, आणि खाताना ऊब सोडतं. थंडीच्या दिवसांत सकाळी उकिरड्यातून वाफ निघताना आपण पाहतो, तीच ही ऊब. शास्त्रज्ञांनी बुरशीची अशी जात तयार केली की जी थंडी वाढली की जास्त खाते आणि घर उबलं की थांबते. दर महिन्याला वरून भुसा घालायचा, बस. भेग पडली तर भिंत ती आपणच बुजवते. घरातला दमटपणा पिऊन टाकते. बाहेर उणे तीस असताना आत माणसं अंगात एक स्वेटर घालून जेवत असतात.

पण ही बुरशी एकटी टिकत नाही. तिच्यावर दुसऱ्या, वाईट बुरश्या हल्ला करतात. तिला वाचवतात ते तिच्या धाग्यांवर राहणारे जिवाणू. शेकडो जातींचे, आणि त्या त्या गावच्या हवापाण्यात वर्षानुवर्षं मुरलेले. ते प्रयोगशाळेत बनत नाहीत. म्हणून नव्या घराची भिंत लावायची तर शेजारच्या जित्या भिंतीतून चमचाभर ऐवज आणावा लागतो.

"म्हणजे विरजणच की!" पहिल्याच दिवशी शलाका म्हणाली होती. तेव्हापासून आमच्या घरात त्याला विरजणच म्हणतात.

आणि ते विरजण आमच्या घरी लागत नव्हतं.

पहिली भिंत मेली तेव्हा ऑस्मोने संकोचत विचारलं होतं, "तुम्ही चुलीवर ते काय करता? तडतड आवाज येतो, धूर येतो." त्याच्यासमोरच शलाकाने वरणाला फोडणी दिली होती आणि छतावरची आगीची घंटा वाजली होती. फोडणीवर संशय येणं साहजिक होतं. शलाकाने मोहरी, जिरं, हिंग, सगळं डब्यांत बंद करून माळ्यावर टाकलं.

"हे वरण आहे का सलाइन?" पहिल्या रात्रीच्या जेवणाला मकरंद म्हणाला.

"सलाइनच. तुझ्या भिंतीची तब्येत नाजूक आहे."

"माझी भिंत?"

"मग काय माझ्या माहेरची? परभणीत मी भिंतीला विचारून फोडणी देत नव्हते."

"आजोबा, भिंतीला तिखट लागतं का?" ओवीने मला विचारलं.

"लागत असेल बहुतेक."

"मग तिला साखर द्या ना."

हसण्यावारी नेलं खरं, पण शलाकाचं मन त्या घरात लागत नव्हतं. फोडणी हे एक निमित्त. परभणीच्या आमच्या गल्लीत दिवसभर कुणी ना कुणी आत येऊन बसायचं, "वहिनी, चहा टाका" म्हणायचं. इथे लोक वाईट नव्हते. पण रस्त्यात भेटले तर मान हलवायचे आणि पुढे जायचे. घरी यायचं तर आधी कळवून, आणि कळवायचं तर काहीतरी कारण हवं. "अप्पा, मी दिवसभरात यंत्राशी जास्त बोलते," ती एकदा कानातला दुभाषी काढून ठेवत म्हणाली.

मला मात्र हे गाव पहिल्या दिवसापासून आवडलं होतं, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आयुष्यभर मला लोक घुमा म्हणत आले. लग्नाकार्यात मी चपलांच्या जागेजवळ उभा राहणारा. इथे सगळं गावच तसं होतं. सून एकटी पडलेली आणि सासरा सुखात, याची मला लाज वाटायची.

इथे आल्यापासून माझी एकुलती एक कला फक्त रविवारी बाहेर यायची. सुनेसाठी काहीतरी करावं म्हणून मी ती रोज बाहेर काढली. फेसलेली मोहरी. भिजवलेली मोहरी दगडी खलात घ्यायची, थेंब थेंब पाणी घालत बत्त्याने घोटायची, ती पांढरी होऊन फुगून येईपर्यंत. झणका असा उठतो की नाकातून थेट टाळूत जातो. लाल भोपळा इथे मिळतो. तो उकडून, कुस्करून, दह्यात कालवायचा आणि त्यात ही मोहरी. मिळमिळीत वरणभाताबरोबर असं रायतं असलं की जेवण जातं. तेल नाही, धूर नाही, घंटा वाजत नाही. म्हणजे भिंतीला त्रास नाही. मी रोज सकाळी स्वयंपाकघरात बसून मोहरी फेसू लागलो. माळ्यावरचा डबा मीच खाली काढला होता.

तरी दुसरी भिंतही मेली.

तिसऱ्या खेपेला ऑस्मो म्हणाला, "हिल्क्काच्या घरचं आणू. तिची भिंत गावातली सगळ्यांत जुनी. बाकीच्या सगळ्या तिच्याच लेकी."

हिल्क्का आमची शेजारीण. ऐंशीच्या पुढची, ताठ, एकटी राहणारी. कानातल्या दुभाष्याची तिला कटकट वाटायची, तो म्हणे ती कपाटातच ठेवायची. ती विरजण घेऊन आली तेव्हा घरात मी एकटाच होतो. लाकडी वाडग्यात पिवळसर, लिबलिबीत असं काहीतरी होतं. ती काही बोलली नाही. मी काही बोललो नाही. तिने चमच्याने ते भिंतीच्या कापडावर सगळीकडे सारखं लावलं, बोटांनी दाबलं, वाडगा धुतला आणि दाराकडे निघाली.

रिकामं भांडं घेऊन शेजारीण दाराबाहेर पडते आहे हे बघून मी लगबगीने पुढे झालो. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. निदान साखरेची चिमूट तरी त्यात जायलाच हवी. मी हाताने "थांबा" अशी खूण केली, वाडगा जवळजवळ हिसकावलाच, आणि सकाळचं रायतं त्यात भरून तिच्या हातात दिलं.

तिने वास घेतला. दचकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्याकडे बघून तिने छातीवर हात ठेवला, मान लववली आणि गेली. आम्ही दोघांनी मिळून एक शब्दही उच्चारला नव्हता. मला वाटलं, किती छान भेट झाली.

पुढच्याच आठवड्यात ऑस्मो आला आणि दाराबाहेरच उभा राहिला. कान लालभडक.

"हिल्क्काच्या भिंतीला डाग पडलाय. ताटाएवढा. तेवढा भाग मेला."

"अरेरे," मकरंद म्हणाला. "कशाने?"

"तुमच्याकडून आलेल्या ऐवजाने." ऑस्मो माझ्याकडे बघत होता. "इथली रीत आहे. भिंतीसाठी घेतलं की आपल्या घरचंही थोडं द्यायचं, म्हणजे दोन्ही भिंतींची ओळख होते. सहसा भिंत धरल्यावर देतात. यांनी लगेच दिलं. तिला वाटलं, लांबची माणसं आहेत, त्यांची रीत वेगळी असेल. तिने ते भिंतीला लावलं."

शलाका माझ्याकडे वळली. "अप्पा, काय दिलंत तुम्ही?"

"रायतं," मी म्हणालो.

"भिंतीला रायतं फासलं?" मकरंदला हसू फुटलं. ऑस्मोचा चेहरा बघून ते त्याने गिळलं.

"गाव घाबरलंय," ऑस्मो म्हणाला. "तुमच्या घरात काही रोग आहे असं लोकांना वाटतंय. ती भिंत गेली तर सगळ्यांच्या भिंतींचं मूळ गेलं. तुमची तिसरी भिंतही गारच लागतेय. मी काय सांगू लोकांना?"

त्या दुपारी ओवीच्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी खेळायला यायच्या होत्या. आल्या नाहीत. ओवीने खिडकीजवळ मांडलेली भातुकली कुणी न सांगता आवरली.

त्या आवरण्याकडे मला बघवेना. म्हणून, आणि धीर एकवटून, मी फाटकापर्यंत पोचलेल्या ऑस्मोला गाठलं. "हिल्क्काबाई वासाबद्दल काही म्हणाल्या का?"

"म्हणाली, नाकातून मेंदूत गेला."

तिथेच, थंडीत उभ्याउभ्या, मला ते कळलं. लोणच्यात आपण मोहरीची डाळ कशासाठी घालतो? बुरशी लागू नये म्हणून. आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. आणि मी बुरशीच्या घरात बसून रोज सकाळी मोहरी फेसत होतो.

त्यामागचं कारण मी कॉलेजातल्या एका फाटक्या पुस्तकात वाचलं होतं. मोहरीच्या दाण्यात दोन द्रव्यं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा चिरडला आणि पाणी लागलं की ती एकत्र येतात आणि तो झणझणीत वायू तयार होतो. किडे आणि बुरशी यांच्यापासून बचावासाठी झाडाने बाळगलेलं ते हत्यार आहे. उकळत्या तेलात मात्र त्यातलं एक द्रव्य जळून जातं. मोहरी तडतडते, खमंग होते, पण तिचं हत्यार बोथट झालेलं असतं.

खरंच तसं आहे का याची माझी मलाच खात्री नव्हती. ऑस्मोने दुसऱ्या दिवशी काचेच्या तीन बरण्या आणल्या, प्रत्येकीत जित्या भिंतीचा एकेक तुकडा. एकीत त्याने फेसलेल्या मोहरीची वाटी ठेवली, दुसरीत फोडणीची, तिसरी तशीच. एक रात्र गेली. फेसलेल्या मोहरीच्या बरणीतला तुकडा पिवळा पडून मऊ झाला होता. बाकीचे दोन्ही पांढरेशुभ्र.

"म्हणजे फोडणी निर्दोष?" शलाकाने विचारलं.

"पूर्ण निर्दोष," मी म्हणालो.

"आणि इतके दिवस आम्ही सलाइन पीत होतो."

"हो."

"आणि भिंत मारत होतात तुम्ही."

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "अप्पा, तुम्ही वडीलधारे आहात म्हणून," एवढंच म्हणून ती आत गेली. थोड्या वेळाने आतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आगीची घंटा वाजायला लागली. ती बंद करायला कुणीच उठलं नाही.

रोग नव्हता हे गावाला कळलं. पण आमची भिंत मेलेलीच होती आणि हिल्क्काच्या भिंतीवर डाग होता. तिची माफी मागायला जाणं भाग होतं. मी वाक्यं पाठ केली. मकरंद, शलाका, ओवी सगळीच सोबत आली, मला धीर म्हणून. दार उघडलं ते ऑस्मोने. तो डाग कापून काढायला आला होता, आजारी भाग जाळायचा असा त्यांचा नियम. आणि हिल्क्काच्या कानात दुभाषी होता. जणू दाढदुखीवरचं औषध घातलंय, असा तो घालून ती बसली होती.

"बाई, माझ्या हातून," मी सुरुवात केली आणि पुढचं सगळं विसरलो.

"इकडे या," ती म्हणाली.

तिने मला भिंतीजवळ नेलं. डाग पिवळट, निर्जीव होता. पण कडेला तिने बोट ठेवलं तिथून केसासारखे पांढरे धागे डागाच्या आत शिरत होते. मेलेल्या जागेवरून पुढे सरकत होते.

ऑस्मो वाकला. भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिला. मग नेहमीपेक्षा भरभर बोलायला लागला. जाळ्यात लाखो धागे असतात, सगळे सारखे नसतात. एखाद्या धाग्यात मोहरीचं ते विष फोडून टाकायची ताकद मुळातच असू शकते. बाकीचे मेले, तो उरला. आता मोकळ्या जागेत तोच वाढतो आहे, आणि त्याच्यावरचे जिवाणूही त्याच्याबरोबर. "किंवा," तो सरळ होत म्हणाला, "मेलेल्या भागावर दुसरंच काही उगवलंय. हिवाळ्याच्या मध्यात कोसळणारं. सांगता येत नाही. कापलेलं बरं."

"कापायचं नाही," हिल्क्का म्हणाली.

"हिल्क्का, ही गावाची भिंत आहे."

"माझ्या घरात आहे." मग ती माझ्याकडे वळली. "ते मी खाल्लं. वाडग्याला लागलेलं होतं ते. चमचा चाटला."

"मग?"

"माझी आई नाताळला मोहरी वाटायची. डुकराच्या मांसाबरोबर खायला. लाकडी परातीत मोहरी आणि पाणी घ्यायचं आणि त्यात लोखंडी गोळा फिरवायचा. गोळा फिरवायचं काम आम्हा मुलांचं. घरभर सगळे रडायचे." ती थांबली. एवढं बोलायची सवय नसावी. "मग जित्या भिंती आल्या. पहिली काही वर्षं डिसेंबर आला की भिंती मलूल व्हायच्या. आम्हाला वाटायचं, थंडीने. मग घरी मोहरी वाटायचा कंटाळा येऊ लागला, दुकानातली बाटली आणायची पद्धत पडली. ती गोड असते. नाकात जात नाही. आणि भिंतीही सुधारल्या. कुणी दोन्हींचा संबंध लावला नाही."

ऑस्मोने भिंग खिशात ठेवलं. "माझी आजीसुद्धा वाटायची," तो हळूच म्हणाला.

"या कडेचं विरजण यांना दे," हिल्क्का म्हणाली. तिने खरंतर तिचा शब्द वापरला, आमच्या दुभाष्याने एव्हाना तो विरजण असाच सांगायला सुरुवात केली होती.

"आजारी भिंतीतून देत नाहीत. आणि बर्फ अजून पडलं नाही म्हणून यांना ही एक जादा खेप मिळतेय, शेवटची. माझ्या घरची भिंत निरोगी आहे, ती लावतो. यांनी मोहरी वाटायची बंद केली की ती नक्की धरेल. नक्की!"

आता निर्णय आमचा होता. एकीकडे खात्रीची भिंत, दुसरीकडे केसाएवढे धागे. यात विचार करण्यासारखं मला काहीच दिसत नव्हतं.

"ऑस्मोची लावा," मी म्हणालो. "मी मोहरी सोडतो. एका रायत्यासाठी ओवीला पुन्हा त्या उन्हात नेणार का? माझ्यामुळे आधीच पुष्कळ झालंय."

"अप्पा बरोबर बोलतायत," मकरंद म्हणाला. "धोका कशाला?"

शलाका भिंतीवरच्या त्या कडेकडे बघत होती. "आज मोहरी सोडू," ती म्हणाली. "मग लसणाने काही होतं म्हणाले तर लसूण सोडू. मग आणखी काही. यांनी सोडलीच ना? कुणी सांगितलंही नव्हतं, आपोआप सुटली. आणि घरं इतकी चिडीचूप झाली की मला इथे आल्यापासून कुणी हाक मारली नाही."

"पण शलाका, नाही धरली तर?"

"तर जाऊ परत. पण अर्धवट राहिल्यासारखं राहायचं नाही मला." मग ती माझ्याकडे वळली. आवाज खाली आला. "अप्पा, जन्मभर तुम्ही कुणाला त्रास नको म्हणून कोपऱ्यात उभे राहिलात. एका भिंतीला थोडा त्रास होऊ द्या."

मी ऑस्मोकडे वळून होकाराची मान हलवली. मकरंदने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. ओवीने मधेच विचारलं, "तो लोखंडी गोळा अजून आहे का?" दुभाष्याने ते हिल्क्काच्या कानात सांगितलं असावं, कारण ती पहिल्यांदा हसली.

ऑस्मोने उसासा टाकला आणि सुरी काढली.

त्याने ती कड जपून खरवडली, त्यातला निम्मा भाग हिल्क्काच्या भिंतीवर ठेवून निम्मा आमच्याकडे लावला. मला त्याने एक काम दिलं: रोज चिमूटभर मोहरी फेसून वाटी भिंतीपासून लांब ठेवायची, आणि हळूहळू ती जवळ आणायची. धाग्यांना सवय व्हावी आणि कमकुवत धागे गळून जावेत म्हणून. मी ते काम इतकं डोळ्यांत तेल घालून केलं की परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकानेही कधी केलं नसेल. वाटी ठेवून मी खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राही. कापडावर काही दिसत नसे. गावालगतच्या सरोवरावर काठाने बर्फ धरू लागलं. कारखान्याने मकरंदला विचारून ठेवलं की गरज पडली तर परतीची तिकिटं कोणत्या शहरापर्यंत काढायची. शलाकाने ते ऐकलं आणि भाषेचं पुस्तक उघडून बसली.

मग एका सकाळी ओवी दात घासता घासता भिंतीला टेकली आणि टेकलेलीच राहिली.

"ओवी, चूळ भर," शलाका म्हणाली.

"इथे बरं वाटतंय," तोंडात फेस असलेली ओवी म्हणाली.

आम्ही तिघंही धावलो. मी हात लावला, मला काही कळलं नाही, माझ्या हातावर माझा विश्वास नाही. मकरंदने ऑस्मोला बोलावलं. तो आला, बूट झटकले, गाल टेकवला, डोळे मिटले. या वेळी त्याला फार वेळ लागला नाही, पण त्याने मुद्दाम लावला असा मला संशय आहे.

"जिती आहे," तो म्हणाला. त्याचे कान पांढरे होते.

शलाका मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मकरंदने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तोही. ऑस्मो अशा वेळी काय करायचं हे न कळून भिंतीची कड तपासत राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन तेच करू लागलो.

हिल्क्काची भिंत मात्र कडेपाशीच अडली. तिच्या घरात तो धागा जेमतेम टिकला, पसरला नाही. जुन्या जाळ्याने त्याला जागा दिली नसावी, असं ऑस्मो म्हणाला. आमची भिंत कोरी होती, तिथे तो मोकळा वाढला. म्हणजे मोहरी सोसणारी भिंत गावात एकच, आमची.

याचा अर्थ माझ्या ध्यानात आला तो डिसेंबरमध्ये. दुपारीच अंधार पडला होता. शलाका चहा ठेवत होती. दार वाजलं. हिल्क्का होती, हातात फडक्यात गुंडाळलेला लोखंडी गोळा. तिच्या मागे ऑस्मो, भली मोठी लाकडी परात काखेत धरून. त्याच्या मागे कारखान्यातली दोन माणसं, शाळेच्या बाई, ओवीच्या त्या दोघी मैत्रिणी आणि त्यांच्या आया. प्रत्येकाच्या हातात मोहरीची पुडी.

"आमच्या घरी वाटता येत नाही," ऑस्मो म्हणाला. "भिंती मरतात. कळवायला हवं होतं, पण वाटलं, चालेल."

"आधी आत या, दार लावा, गारवा येतोय," शलाका म्हणाली, आणि ते तिने त्यांच्या भाषेत म्हटलं. चुकतमाकत, पण दुभाष्याविना. मग मराठीत मला, "अप्पा, कप काढा. सगळे."

परात स्वयंपाकघराच्या जमिनीवर ठेवली. मोहरी ओतली, पाणी शिंपडलं. ओवी आणि तिच्या मैत्रिणी तिच्याभोवती बसून गोळा एकमेकींकडे ढकलू लागल्या. घरंगळण्याचा घुमणारा आवाज सुरू झाला. पाणी किती, गोळा किती वेळ फिरवायचा, हे मोठ्यांपैकी कुणालाच नीट आठवत नव्हतं. हिल्क्का परातीत बघायची आणि माझ्याकडे बघायची. मी वाकून बोटाने थोडं चाखायचो, "अजून" म्हणायचो. मग झणका उठला. आधी ओवी शिंकली. मग शाळेच्या बाई. मग एकेक करून सगळेच डोळे पुसायला लागले. पंधराएक माणसं भिंतीला पाठ टेकून चहाचे कप धरून गप्प उभी, आणि सगळ्यांच्या गालांवरून पाणी वाहतंय. असल्या गर्दीत मी एरवी मागच्या दाराने सटकलो असतो. पण मोहरी अजून पांढरी झाली नव्हती आणि माझ्याशिवाय ते कुणाला सांगता येणार नव्हतं.

झाल्यावर ज्याने त्याने आपापली बाटली भरली. ऑस्मोने जाताना पुन्हा भिंतीला गाल लावून पाहिला. समाधान झालेलं दिसलं. दारात थांबून, नाक पुसत त्याने विचारलं, "पुढच्या वर्षीही इथेच?"

"इथेच," मी म्हणालो. "पण जरा लवकर या. एका परातीत भागत नाही."